खडकातले घर

मित्रांनो, तुम्ही कधी आपल्या मनातले घर कागदावर काढून पाहिले आहे का? नसेल, तर एकदा जरूर काढून पाहा. माणूस ज्या घरात राहतो, त्यावरून त्याची परिस्थिती कळते. पण तो ज्या घराचे स्वप्न पाहतो, त्यावरून त्याचे मन कळते.

मी सातवीत असतानाची गोष्ट आहे. चित्रकलेच्या सरांनी फळ्यावर विषय लिहिला, 'माझ्या स्वप्नातील घर'. वर्गातल्या साऱ्या मुलांनी जवळजवळ एकसारखेच घर काढले. लाल कौलांचे छप्पर, दोन खिडक्या, मागे डोंगर, डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि बाजूला नारळाचे झाड. मी मात्र नुसता डोंगरच काढला. काळा आणि उंच. त्याच्या पोटात एक दार, सहा चौकोनी खिडक्या आणि खालपासून दारापर्यंत पंचवीस पायऱ्या. शेजारच्या मुलाने माझ्या वहीत डोकावून पाहिले आणि तो मोठ्याने म्हणाला, "अरे, हे घर आहे की घुशीचे बीळ?" सारा वर्ग हसला. मी वही मिटून घेतली.

तुम्ही विचाराल, असले घर मला का सुचले? त्यासाठी आमचे खरे घर कसे होते, ते तुम्हांला सांगायला हवे.

आम्ही मुंबईत, मालाडच्या टेकडीजवळ एका बैठ्या चाळीत राहत होतो. आमची खोली दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद. वर सिमेंटचे पत्रे. एवढ्याशा जागेत आजी, आई, वडील, ताई, मी आणि धाकटा भाऊ अशी सहा माणसे. ताई तेव्हा दहावीला होती. ती पहाटे चार वाजता उठे आणि मोरीच्या कठड्यावर बसून अभ्यास करी. कारण त्या वेळी घरात तेवढीच जागा रिकामी असे. उन्हाळ्यात पत्रा इतका तापे, की दुपारी आत बसवत नसे. पावसाळ्यात तो चार ठिकाणी गळे. कोणत्या गळतीखाली पातेले ठेवायचे आणि कोणत्या गळतीखाली बादली, हे आम्हांला पाठ झाले होते.

त्या वर्षी जून महिन्यात मोठे वादळ झाले. रात्री आमच्या छपराचे दोन पत्रे उडाले. अंधारात पाऊस सरळ आमच्या अंथरुणावर कोसळू लागला. आईने धाकट्याला छातीशी धरले. वडिलांनी आजीला उचलले. ताईने आपली पुस्तके पोटाशी धरली, तरी ती भिजलीच. त्या रात्री मी मनाशी ठरवले, की मोठा झालो म्हणजे असे घर बांधायचे, ज्याचे छप्पर कोणतेही वादळ उडवू शकणार नाही.

असे घर कसे असते, हे मला डिसेंबरमध्ये कळले. शाळेची सहल कान्हेरीला गेली होती. बोरिवलीजवळच्या जंगलात ही लेणी आहेत. आज त्या जंगलाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. तेथे एकाच डोंगरात शंभरापेक्षा जास्त लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी ती कोरायला सुरुवात झाली आणि पुढे कित्येक शतके हे काम चालू राहिले.

सरांनी एक गंमत सांगितली. मराठीत 'लेणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ दागिना आणि दुसरा अर्थ डोंगरात कोरलेली जागा. हा दुसरा शब्द 'लयन' या जुन्या शब्दापासून आला आहे. त्याचा अर्थच मुळी राहण्याची, आसऱ्याची जागा असा आहे. म्हणजे लेणे हे खरोखर घरच!

मी एका लेण्यात शिरलो. बाहेर ऊन होते. आत गारवा होता. दारापाशी ओसरी होती. आत छोटी खोली होती आणि खोलीत दगडातच कोरलेला ओटा होता. त्यावर झोपायचे. दाराजवळ जमिनीत पाण्याचे टाके होते. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी खडकात पन्हळी कोरल्या होत्या. ते पाणी टाक्यात साठे आणि पुढे वापरता येई. मी भिंतीला हात लावला. वर पाहिले. छपराला ना पत्रा, ना कौल, ना एकही खिळा. छप्पर म्हणजे सबंध डोंगर! "हे मात्र उडणार नाही," मी मनात म्हटले.

तर मित्रांनो, माझ्या चित्राचे मूळ हे असे होते. आता एकदा त्या चित्रातल्या घरात माझ्याबरोबर या. पंचवीस पायऱ्या चढा. हे मोठे दार. आत आल्यावर ही बैठकीची खोली. भिंतीला लागून दगडाचा लांब ओटा, म्हणजे खुर्च्यांचा खर्च नको. ही ताईची खोली. तिच्या खिडकीतून सकाळचे ऊन थेट वहीवर पडते. पुस्तके ठेवायला भिंतीतच कोनाडे आहेत. हे आईचे स्वयंपाकघर. त्यात पाण्याचे टाके आहे. नळावर भांडणे नकोत. ही वडिलांची खोली. रात्रपाळी करून आल्यावर त्यांना दिवसा झोपता येईल. कारण बाहेरचा आवाज इतक्या जाड भिंतीतून आत येत नाही. ही आजीची खोली, ही धाकट्याची आणि ही सर्वांत शेवटची माझी. सहा माणसे, सहा खिडक्या. कसे वाटले घर?

वर्ग हसला होता, म्हणून मी ते चित्र घरी कोणाला दाखवले नाही. दाखवले ते फक्त चाचांना.

चाचा आमच्या शेजारच्या खोलीत राहत. आमच्या चाळीमागे दगडाची खाण होती. चाचा तेथे दगड घडवण्याचे काम करीत. पायऱ्यांचे दगड, उंबरठे, पाटे-वरवंटे, जे सांगाल ते ते घडवीत. त्यांचे हात खडबडीत होते आणि भुवयांवर नेहमी पांढरी धूळ असे. काम करताना ते तोंडावर ओला रुमाल बांधत. तरी त्यांना खोकला येई.

चाचांनी चित्र हातात घेतले. ते हसले नाहीत. बराच वेळ पाहून म्हणाले, "घर चांगले आहे, बेटा. पण चुलीचा धूर कुठून जाईल? आणि मागच्या या खोलीत उजेड कुठून येईल? खिडकी तू पुढे काढलीस, खोली मागे आहे."

याचा मी विचारच केला नव्हता!

मग ते म्हणाले, "आता हिशेब कर. एक खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच. किती घनफूट दगड काढावा लागेल?"

"एक हजार," मी म्हणालो.

"एक माणूस छिन्नी-हातोडीने रोज अर्धा घनफूट दगड काढतो, असे धर. किती दिवस लागतील?"

"दोन हजार दिवस. म्हणजे सुट्टी न घेता जवळजवळ साडेपाच वर्षे."

"आणि अशा सहा खोल्या?"

मी बोटे मोजली. उत्तर आले तेहतीस वर्षे! चाचा मिस्कीलपणे म्हणाले, "तोपर्यंत ताईची दहावी थांबेल ना?"

मी हिरमुसलो. ते पाहून त्यांनी मला रविवारी खाणीवर बोलावले. माझ्या तोंडावर ओला रुमाल बांधला. एका दगडावर पाणी मारले आणि छिन्नी-हातोडी माझ्या हातात दिली. मी जोर लावून ठोकू लागलो. पहिल्या घावाला छिन्नी सटकली. दुसऱ्या घावाला ठिणगी उडाली. तासाभराने माझ्या तळहाताला फोड आले आणि दगडात लिंबाएवढा खड्डा पडला. तोही वाकडा!

"दगडाचे काम आणि विटांचे काम यांत मोठा फरक आहे," चाचा म्हणाले. "विटेची भिंत चुकली, तर वीट काढून पुन्हा बसवता येते. दगड एकदा निघाला की निघाला. तो परत चिकटत नाही. म्हणून आधी डोक्यात सगळे घर पुरे झाले पाहिजे. छिन्नी त्यानंतर उचलायची."

मित्रांनो, चाचांचे ते बोलणे किती खरे होते, हे मला पुढे वेरूळला गेल्यावर समजले. वेरूळचे कैलास मंदिर तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, त्याचे मुख्य काम झाले असे मानतात. आपण घर बांधतो ते पायापासून वर. हे मंदिर मात्र शिखरापासून खाली कोरले आहे. कारागिरांनी आधी डोंगराच्या माथ्यावरून खोल चर खोदले, मध्ये एक प्रचंड खडक सुटा ठेवला आणि मग वरून खाली कोरत आले. मागच्या बाजूला हा खड्डा सुमारे ३० मीटर खोल आहे. काढून टाकलेला दगड सुमारे दोन लाख टन असावा, असा अंदाज सांगितला जातो. एका जागी चूक झाली असती, तर पुसायला खोडरबर नव्हते!

अजिंठ्याला मी आणखी एक गोष्ट पाहिली. तेथील काही लेणी अर्धवट राहिली आहेत. चोविसाव्या क्रमांकाचे लेणे त्यांपैकी एक आहे. पुरे झालेले लेणे पाहून आपण थक्क होतो. पण अपुरे लेणे पाहून आपल्याला काम कसे चालत असे, ते समजते. कुठे नुसते चौकोनी खांब उभे आहेत, कुठे छिन्नीचे घाव तसेच दिसतात. मला तेव्हा माझा लिंबाएवढा खड्डा आठवला.

खडकात घरे करण्याची हौस केवळ आपल्याच देशात नव्हती. तुर्कस्तानात कॅपाडोशिया नावाचा प्रदेश आहे. तेथील खडक ज्वालामुखीच्या राखेपासून तयार झालेला आणि मऊ आहे. लोकांनी त्यात घरे, प्रार्थनेच्या जागा, धान्याची कोठारे, एवढेच काय, कबुतरांसाठी खुराडीही कोरली. जमिनीखाली अनेक मजल्यांची वस्तीसुद्धा कोरली. अशी घरे उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहतात. याचे कारण सोपे आहे. जाड खडकातून उष्णता फार हळू सरकते. बाहेरचे दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र होऊन जाते.

पण अशा घरांची दुसरी बाजूही आहे. इटलीत मातेरा नावाचे गाव आहे. तेथे हजारो गरीब लोक खडकातल्या घरांत राहत होते. एकाच गुहेत आईवडील, मुले, कोंबड्या आणि खेचरसुद्धा! उजेड कमी, हवा कमी, ओल फार. मुले आजारी पडत. शेवटी १९५२ साली सरकारने कायदा करून त्या लोकांना नव्या घरांत हलवायचे ठरवले. पुढे १९९३ साली युनेस्कोने त्याच जागेला जागतिक वारसास्थळ म्हणून मान दिला. आता तेथे प्रवासी हौसेने राहायला जातात. म्हणजे पाहा, तीच गुहा एकाला स्वप्न वाटते आणि दुसऱ्याला संकट. खिडकी, हवा, पाणी आणि माणसांची संख्या, यांवर ते अवलंबून असते.

आता पुन्हा माझ्या चित्राकडे येऊ. धूर, उजेड, हवा सारे जमवून मी ते नव्याने काढले. छताला धुराडे काढले. खोल्या मागे न नेता एका ओळीत ठेवल्या, म्हणजे प्रत्येकीला खिडकी मिळाली. चाचांनी मान हलवून 'ठीक आहे' म्हटले. तेव्हा कोठे मी धीर करून ते चित्र घरात दाखवले.

सर्वांनी कौतुक केले. आजीने चष्मा लावून चित्र नीट पाहिले. मग ती म्हणाली, "अरे, या पंचवीस पायऱ्या मी कशा चढू? माझे गुडघे तुला ठाऊक नाहीत का?"

मी गप्प झालो. तिच्यासाठी मी सुंदर खोली काढली होती. पण तिथपर्यंत ती पोहोचणारच नव्हती.

आजीने पुन्हा चित्रावर बोट फिरवले. "आणि चाचांचे घर कुठे आहे यात?"

"त्यांचे कशाला? हे आपले घर आहे," मी म्हणालो.

आजी रागावली नाही. तिने हळूच विचारले, "पत्रे उडाले त्या रात्री आपण कुठे झोपलो होतो?"

मित्रांनो, ही गोष्ट मी तुम्हांलाही सांगितली नाही, हे तुमच्या लक्षात आले का? त्या वादळाची गोष्ट सांगताना मी पाऊस सांगितला, अंधार सांगितला, भिजलेली पुस्तके सांगितली. पण पुढे काय झाले ते सांगितले नाही. सातवीत असताना मीही ते असेच विसरून गेलो होतो.

त्या रात्री पत्रे उडाल्याचा आवाज ऐकून चाचा कंदील घेऊन धावत आले होते. त्यांनी आम्हां सहाही जणांना आपल्या खोलीत नेले. त्यांची खोलीही दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद! त्यांच्या घरची पाच माणसे आणि आम्ही सहा. चाचीने आजीला आपली खाट दिली. कोरडे कपडे दिले. चहा केला. चाचा स्वतः दाराशी बसून राहिले. आम्ही तेथे तीन रात्री होतो. ताईच्या पुस्तकांचे एकेक पान सुटे करून चाचीने ते चुलीच्या उबेला धरून वाळवले. त्याच पुस्तकांवर ताई पुढे दहावी पास झाली. ज्या रात्रीने मला खडकाचे छप्पर हवेसे वाटले, त्या रात्री आमचे छप्पर चाचाच होते.

मी मुकाट्याने खोडरबर घेतले. कागदावरची चूक पुसता येते, हे बरे असते! पंचवीस पायऱ्या खोडून मी घर डोंगराच्या पायथ्याशी आणले. बाजूला दुसरे दार काढले, चाचांचे. दोन्ही दारांच्या मध्ये बसायला एक ओटा काढला.

पुढे मी कॉलेजात असताना चाचा वारले. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षे श्वासाबरोबर दगडाची बारीक धूळ आत गेल्याने त्यांची फुप्फुसे खराब झाली होती. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो एकदा जडला, की पूर्ण बरा करणारे औषध नाही. पण तो टाळता येतो. दगडावर पाणी मारून काम करणे, धूळ ओढून घेणारी यंत्रे लावणे आणि योग्य मुखपट्टी वापरणे हे उपाय आहेत. चाचांना हे थोडेसे माहीत होते. त्यांचा ओला रुमाल पुरेसा नव्हता. दुसऱ्यांच्या घरांचे उंबरठे घडवणारे चाचा शेवटपर्यंत त्या पत्र्याच्या खोलीतच राहिले.

ते गेल्यानंतर मी पुन्हा एकदा कान्हेरीला गेलो. या वेळी एकटाच गेलो आणि सावकाश पाहिले. पहिल्या खेपेला मी फक्त आतल्या खोल्या आणि वरचे छप्पर पाहिले होते. आता बाहेर पाहिले. एका लेण्यापासून दुसऱ्या लेण्यापर्यंत खडकात पायऱ्या कोरल्या होत्या. कित्येक ओसऱ्यांवर बसण्यासाठी ओटे होते. आत झोपायला जागा लागते. पण बाहेरचे हे ओटे कशासाठी? दोघांनी बसून बोलण्यासाठीच ना! खडकात राहणारी ती माणसेसुद्धा एकटी राहत नव्हती. तीही शेजारी शेजारी राहत होती.

तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे पुष्कळ आढळतात. सोपारा, कल्याण अशा गावांचे व्यापारी त्यांत आहेत. छिन्नी चालवणाऱ्या हातांची नावे मात्र फार थोडी सापडतात. त्यांच्याही छातीत ही धूळ गेली असेलच. मी एका भिंतीवरून हात फिरवला. छिन्नीच्या बारीक रेघा बोटांना लागल्या. एक रेघ म्हणजे एका माणसाचा एक घाव. म्हणून मित्रांनो, तुम्ही लेणी पाहायला गेलात, तर त्या भिंतींवर स्वतःचे नाव कोरू नका. ज्यांनी ती घडवली, त्यांनाही आपले नाव लिहायला क्वचितच मिळाले.

आज मी एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. खडकातले घर काही झाले नाही. पण तो लिंबाएवढ्या खड्ड्याचा दगड अजून माझ्याजवळ आहे. चाचांनी तो त्या रविवारी स्वतः उचलून आमच्या दाराशी आणून ठेवला होता. आता तो माझ्या खिडकीत असतो. रोज सकाळी मी त्यात पाणी घालतो आणि चिमण्या येऊन पितात. तासाभराच्या मेहनतीचे आणि दोन फोडांचे ते एवढेसे टाके आहे!

तर मग, तुम्ही तुमचे स्वप्नातले घर केव्हा काढणार? ते खडकात काढा, झाडावर काढा, नाहीतर समुद्रात काढा. फक्त काढून झाल्यावर दोन प्रश्न स्वतःला विचारा. घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला या दारापर्यंत येता येईल का? आणि शेजारचे दार कुठे आहे?

उत्तर मिळाले नाही, तर काळजी करू नका. खोडरबर घ्या आणि पुन्हा सुरुवात करा.